पलीकडचं टोक

१

परकरात नाडी ओवायला दोन माणसं लागतात, अशी आमच्या घरात पहिल्यापासूनची पद्धत. एकटीने ओवणाऱ्या बायका आहेत, नाही असं नाही. पण त्यांची नाडी ऐन गाठीच्या वेळी निसटते, आत नेफ्यात जाऊन बसते, आणि मग सगळं काम पुन्हा मुळापासून. माझी कधी निसटली नाही. मी ओवायला बसले की पलीकडचं टोक कुणाला तरी धरायला लावायचीच. धरणाऱ्याने टोक चिमटीत घ्यायचं आणि दोन हलके हिसके द्यायचे, म्हणजे मला इकडे कळायचं की धरलंय. मग मी नाडी सारखी करायची, गाठ मारायची आणि म्हणायची, "सोड." तोवर सोडायचं नाही.

माझा उत्तम लहान होता तेव्हाची गोष्ट. आम्ही काळाचौकीला एका खोलीत राहायचो. त्याला असंच टोक धरायला दिलं आणि बाहेर ओरडा झाला की नळाला पाणी आलं. मी परकर तिथेच टाकला, हंडा उचलला आणि धावले. नळावर नेहमीची भांडणं, मी त्यात अडकले. परत आले तर पोरगं जागच्या जागी उभं. चिमूट तशीच धरलेली, बोटांची टोकं पांढरीफटक.

"अरे, सोडायचं नाहीस का?" मी म्हटलं.

"तू म्हणालीस कुठे?" तो म्हणाला.

ही गोष्ट आमच्याकडे इतक्यांदा सांगून झाली आहे की तिला घड्या पडल्यात. त्याच्या लग्नात सांगितली, बारशाला सांगितली. सगळे हसतात. मीही हसायची.

२

आता उत्तमचे केस पिकले. गेल्या साली त्याच्या छातीची शस्त्रक्रिया झाली आणि कंपनीने गोड बोलून घरी बसवलं. इंद्रलोक वसाहतीतला आमचा फ्लॅट काही मोठा नाही, त्यात हा दिवसभर चालायचा. खिडकीपासून दारापर्यंत, दारापासून खिडकीपर्यंत. मध्येच फ्रीज उघडायचा, आत बघायचा, काही न घेता बंद करायचा. माझी सून ममता दवाखान्यात रिसेप्शनवर बसते, ती घरी आली की मला हळूच विचारायची, "आज काही बोलले का?" मी काय सांगणार. बोलत नव्हताच तो. टीव्ही लावून द्यायचा आणि आवाज बंद ठेवायचा.

मग एक दिवस जेवताना आपणहून म्हणाला, "आई, गावाला खाडीवर बाबांबरोबर मासे गरवायला जायचो, आठवतं?"

ममताचा घास हातातच राहिला. मी म्हटलं, "आठवतं तर. एकदा खरबी आणली होतीस करंगळीएवढी आणि तिचं कालवण करायला लावलंस मला."

तो हसला. कितीतरी दिवसांनी हसला. त्याच रात्री त्याने मोबाईलवरून काहीतरी मागवलं.

ते आलं तेव्हा शेजारच्या हंसाबेन दारात उभ्या होत्या. माणसापेक्षा उंच खोका बघून म्हणाल्या, "माजी, उत्तमभाईने रॉकेट मंगाया क्या?"

"मासे पकडायची काठी आहे," मी म्हटलं.

हंसाबेनने कपाळाला हात लावला. "पकडना है तो पकडो, पन लिफ्ट में मत लाना हां."

आपल्याकडे गरी म्हणजे बांबू, दोरा आणि आकडा. ही भलतीच निघाली. काळ्या पोकळ नळ्या, एकीत एक बसणाऱ्या, टोकाकडे बारीक होत गेलेल्या. उत्तम म्हणाला, शेवटच्या नळ्यांच्या आतून इलॅस्टिक ओवायचं. मासा ओढायला लागला की इलॅस्टिक बाहेर येतं, मासा दमला की आत जातं. म्हणजे दोरा तुटत नाही, आपल्या हाताला झटका बसत नाही. जाड बाजूला आत एक बूच बसवायचं, त्याला इलॅस्टिक बांधायचं. बारीक टोकाला साबणासारखी गुळगुळीत पांढरी टोपी, तिच्यातून दुसरं टोक बाहेर काढायचं.

"म्हणजे परकरच की," मी म्हटलं.

"परकरच," उत्तम म्हणाला, आणि खाली बसून ओवायला लागला.

पण औषधांनी त्याची बोटं थरथरतात. इलॅस्टिक जाईना. खोक्यातल्या तारेला अडकवून पुन्हा पुन्हा घातलं, पुन्हा पुन्हा निसटलं. शेवटी त्याने सगळं जमिनीवर टाकलं आणि भिंतीकडे तोंड करून दिवाणावर आडवा झाला. गोळ्यांनी त्याला लगेच झोप लागते. मी त्याच्या पाठीकडे बघत बसले, मध्ये माझाही जरा डोळा लागला. वाटलं, उठेल तेव्हा पुन्हा खिडकी ते दार सुरू होईल. नळ्या माझ्यापुढे ओढून घेतल्या.

३

खोक्यातल्या कागदावर चित्रं होती. मला वाचता येत नाही, चित्रं कळतात. चित्रात एकाच माणसाचे हात होते, दोन्ही टोकांना तेच. मी म्हटलं, असेल तुमच्याकडे रीत.

बारीक नळ्या एकमेकींत बसवल्या तर लांबी हॉलमध्ये मावेना. म्हणून टोक पडद्याखालून आतल्या खोलीत सरकवलं. जाड बाजू माझ्या मांडीवर. पिकल्या पपईच्या रंगाचं ते इलॅस्टिक साबणाच्या पाण्यातून काढलं, तारेच्या डोळ्यात अडकवलं आणि तार आत घातली. हळूहळू, थांबत थांबत. नेफ्यात पिन जाते तशी ती जाताना बोटांना कळत होती. तिकडे टोपीतून बाहेर आल्याचंही कळलं.

आता तिकडे इलॅस्टिक कुणी तरी धरायला हवं, नाहीतर तार मागे घेताना तेही मागे येणार. ममताची सुट्टी होती, मघाशी आत मोरीत पाण्याचा आवाज ऐकला होता.

"ममता, आतलं टोक धर गं," मी हाक मारली. "इलॅस्टिक तेवढं तारेतून काढून धर, मी तार मागे घेते."

ती काही बोलली नाही. सकाळी आमटीवरून आमची थोडी बोलाचाली झाली होती आणि रुसली की ती उत्तर देत नाही, काम मात्र करते. मी थांबले.

दोन हलके हिसके आले.

मी तार मागे घेतली. काय छान धरलं होतं. माझ्या सबंध आयुष्यात कुणी इतकं नेमकं धरलं नसेल. मी ओढलं की तेवढंच सैल द्यायचं, थांबले की थांबायचं, माझ्या मनातलं ऐकल्यासारखं. बुचाला इलॅस्टिक बांधलं, गाठ दाताने घट्ट केली, बूच नळीत बसवलं. आता 'सोड' म्हणायला तोंड उघडलं आणि दाराची बेल वाजली.

उठले, दार उघडलं. बाहेर ममता. हातात भाजीची पिशवी, घामाने थबथबलेली.

"लिफ्ट बंद आहे, आई. चार मजले चढून आले. तुम्ही झोपला होतात म्हणून हाक मारली नाही जाताना."

मी मागे वळून बघितलं. दिवाणावर उत्तम उताणा झोपलेला, तोंड उघडं, हात छातीवर. पडदा हलत नव्हता.

४

मनाला समजावायला वेळ लागत नाही. मी म्हटलं, कॉटच्या पायात अडकलं असेल. पडदा बाजूला केला. कॉट लांब होती. नळीचं टोक फरशीवर होतं, मोकळं, आजूबाजूला काही नाही. पण इलॅस्टिक टोपीतून वीतभर बाहेर आलेलं आणि सरळ उभं होतं. उदबत्ती उभी असावी तसं. त्याचं शेवटचं टोक चपटं झालं होतं, नाडीचं टोक चिमटीत होतं तसं.

मी हात लावला नाही. उत्तमला उठवलं.

त्याला काय आनंद झाला. "आई, फर्स्ट क्लास. तुझ्या हाताला जमणार हे मला माहीत होतं." त्याने बाहेर आलेल्या टोकाला बारीक फास बांधला, नळी उचलून बघितली, मग म्हणाला, "हे आत का जात नाहीये? सोडलं की टोपीला येऊन टेकायला हवं."

"सैल राहिलं असेल," मी म्हटलं.

त्याने बूच काढून इलॅस्टिकचे आणखी वेढे घेतले. पुन्हा बसवलं. ओढून सोडलं. तरी वीतभर बाहेरच. मग अजून वेढे. नळीतून ताणल्याचा आवाज यायला लागला, पण टोक काही आत जाईना. बाहेरच्या बाजूने तितकंच ओढून धरल्यासारखं.

"नवीन आहे, कडक असेल," ममता भाजी निवडताना म्हणाली. "दोन दिवसांत मऊ पडेल."

उत्तमने मान हलवली. मीही हलवली. साधं कारण मिळालं की माणूस किती पटकन घेतो.

५

काठी गॅलरीच्या कोपऱ्यात उभी राहिली. आणि उत्तमचं चालणं थांबलं. तो तिच्याजवळ खुर्ची टाकून बसायला लागला. गळ काढायचा, ठेवायचा, दोरा मोजायचा, मोबाईलवर व्हिडिओ बघायचा. जेवण वाढलं की वेळेवर यायचा. ममताच्या चेहऱ्यावर तेज आलं.

मला मात्र बसवेना. आता मी चालायला लागले होते, खिडकी ते दार.

कारण ते टोक. सकाळी केर काढताना बघायची तर ते रस्त्याकडे वाकलेलं. दुपारी उत्तम जेवायला पाटावर बसला की टोक घराच्या आत वळलेलं, त्याच्याकडे. वारा असेल. गॅलरीला जाळी आहे, वारा येतो. पण वीतभर होतं ते हातभर झालं होतं. इलॅस्टिक मऊ पडलं असेल. मी रोज एक कारण शोधायची, आणि रोज ते कालच्यापेक्षा तोकडं पडायचं.

मग आवाज. नळीच्या आत बूच हलकंच आपटायचं. टक्, टक्. दोनदाच. मी पोळ्या लाटत असताना, ममता दवाखान्यात गेल्यावर, भर दुपारी सगळी इमारत गप्प झाल्यावर. टक्, टक्.

एकदा आवाज झाला आणि उत्तमने खुर्चीत बसल्या बसल्या नखाने नळीवर वाजवलं. टक्, टक्.

"काय करतोयस?" मी विचारलं.

"काही नाही गं. वाजतंय ना, म्हणून."

"तुला ऐकू येतं?"

"तुला नाही येत?" तो म्हणाला आणि हसला.

मला ठाऊक होतं काय करायला हवं ते. एकच शब्द म्हणायचा होता. पण तो म्हणायचा कुणाला? 'सोड' म्हणायचं तर आधी कुणीतरी धरलंय हे मान्य करायला हवं. मी कितीदा गॅलरीच्या दारापर्यंत गेले, ओठ उघडले आणि साडी वाळत घालून परत आले.

शेवटी उत्तमला म्हटलं, "ती काठी परत करून टाक. दुसरी माग."

त्याचा चेहरा उतरला. ममताने मला स्वयंपाकघरात नेलं, नळ सोडला, आवाज जाऊ नये म्हणून.

"आई, हात जोडते. ते पुन्हा माणसात यायला लागलेत. डॉक्टरांनी काय सांगितलं होतं, मनाने उभं राहायला हवं. तुम्ही आता मोडता घालू नका."

"अगं, त्या काठीचं टोक..."

"टोकाचं काय?"

मी म्हटलं, "टोक बोचेल कुणाला. एवढंच."

६

रविवारी तो काठी घेऊन मुर्धे गावाकडे निघाला. ममता म्हणाली, एकटे जाऊ नका. मी म्हटलं, मी जाते. ममता हसली, "आई, तुम्ही काय गरवणार?" पण मी चपला घातल्या होत्या.

रिक्षाने पुलावरून पश्चिमेला गेलो, राई गाव मागे टाकून आत वळलो. नव्या इमारतींच्या मागे जुनी मिठागरं पडून आहेत, बांध फुटलेले, मधे मधे पाणी साचलेलं. ऊन चांगलं होतं. बांधावर एक गावकरी स्कूटर उभी करून फोनवर बोलत होता. महिपत नाव त्याचं, नंतर कळलं. उत्तमला काठी जोडताना बघून त्याने फोन खाली घेतला.

"काका, हितं काय गरवताय? हितं मासा न्हाय. गुडघाभर पानी हाय नुसतं."

"बसतो जरा," उत्तम म्हणाला.

"बसा की. बसायला कोन न्हाय बोलतो?" महिपत हसला आणि पुन्हा फोनवर बोलायला लागला.

उत्तमने नळ्या जोडल्या. अजून दोरा बांधायचा होता, गळ डबीत होता. त्याने फक्त काठी पाण्यावर धरून बघितली, वजन कसं येतं ते. टोकाला ते नारिंगी इलॅस्टिक हातभर बाहेर आलेलं. ते वाकलं. वाऱ्याने वाकावं तसं नाही. खाली वाकलं आणि पाण्यात गेलं.

आणि ताणलं.

काठीचा शेंडा झुकला. नळीतून इलॅस्टिक सरसर बाहेर यायला लागलं, सावकाश, एकाच लयीत. तसाच सैल देणारा, तसाच थांबणारा हात. मी ओळखला. गुडघाभर पाणी, आणि इलॅस्टिक त्यात सरळ खाली गेलं होतं. विहिरीत पोहरा सोडावा तसं.

"आई," उत्तम हलक्या आवाजात म्हणाला. त्याचा चेहरा असा उजळला होता, की मला तो काळाचौकीचा पोरगा दिसला. "धरलंय बघ."

त्याने एक पाऊल पुढे टाकलं. चिखलात. मग दुसरं. पाणी त्याच्या घोट्यावर आलं.

"उत्तम, मागे ये."

"नाही गं, सुटेल."

"काठी टाक."

तो ऐकत नव्हता. पाणी नडगीला लागलं. मी मागून त्याचा सदरा पकडला, पण माझ्यात जोर कुठला. बांधावरून महिपत ओरडला, "काका, तिकडं गाल हाय, रुताल." तो धावत यायला लागला, पण लांब होता.

मग मी बोलले. उत्तमशी नाही. पाण्याकडे बघितलं, आणि ज्या आवाजात जन्मभर म्हणत आले त्याच आवाजात म्हणाले.

"सोड. झालं माझं. सोड आता."

जरा वेळ काहीच झालं नाही. नंतर इलॅस्टिक सुटलं. सुटलं ते असं, की फटकन येऊन उत्तमच्या उजव्या हातावर बसलं आणि तो चिखलात मागे बसला. मी पाण्याकडेच बघत होते. इलॅस्टिक जिथून बाहेर आलं तिथे पाण्यावर दोन खळगे होते, शेजारी शेजारी. कणकेत दोन बोटं रुतवून काढल्यावर राहतात तसे. पाण्यात खळगा राहत नाही. ते राहिले. मग एक भरून आला, आणि त्याच्यानंतर दुसरा.

महिपतने उत्तमला काखेत हात घालून बाहेर काढलं. "बोललो न्हवतो मी? चला, घरी जा, आजी. ह्यांना पानी द्या."

काठी मी तिथेच टाकली. महिपत म्हणाला, पाठवून देऊ का. मी म्हटलं, नको. मोडून टाक.

७

रिक्षात उत्तम बाहेर बघत बसला. मला वाटलं, रुसला. एवढं मोठं काहीतरी लागलं होतं आणि आईने घालवलं. रुसू दे, म्हटलं. रुसलेला माणूस घरात असतो.

ममताने गरम पाणी दिलं, कपडे बदलायला लावले. दिवे लागले. हंसाबेन दारात डोकावून म्हणाल्या, "कुछ मिला क्या, उत्तमभाई?" तो त्यांच्याकडे बघून हसला, छान हसला. त्या गेल्या.

जेवायला बसलो तेव्हा बघितलं, तो डाव्या हाताने जेवतोय.

"हाताला लागलंय का? दाखव."

"नाही लागलं."

उजवा हात मांडीवर होता. अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांवर दाबलेलं. चिमूट. चिमटीत काही नव्हतं. बोटांची टोकं पांढरीफटक झाली होती.

ममताने माझ्याकडे बघितलं. मी ताट बाजूला सरकवलं.

"उत्तम, काय धरलंयस?"

त्याने डाव्या हाताने पुढचा घास घेतला.

"बाळा, सोड."

त्याने मान वर केली. नजर अगदी नीट होती, शांत, आजाराआधी असायची तशी. मला समजावल्यासारखा म्हणाला, "तू म्हणून कसं चालेल, आई? तुझं ओवून झालं. आता पलीकडून ओवतायत. त्यांनी म्हटल्यावर सोडायचं. तूच शिकवलंस ना?"

आणि त्याच्या मांडीवरच्या हाताने हवेत दोन हलके हिसके दिले.

ममता उठून डॉक्टरांना फोन लावायला गेली. तिचा आवाज आतून येतोय, पत्ता सांगतेय, पुन्हा सांगतेय. उत्तमचा हात मांडीवरून थोडा पुढे आला आहे. मग पुन्हा थोडा. जेवढा सैल मिळतो तेवढा. आता तो पाटावरून उठला, गॅलरीच्या दाराकडे तोंड करून उभा राहिला.

मी त्याच्या सदऱ्याचं टोक चिमटीत धरलं आहे. बोटांना रग लागली आहे. ममता फोन ठेवून आली, म्हणाली, "आई, तुमचा हात दुखेल, सोडा, मी धरते." मी नाही म्हणून मान हलवली.

कापड हळूहळू ताणत चाललं आहे.